पिन खरा, पण हात कुणाचा?

११ व १३ ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत चोरांचा प्रोग्राम शिरला आणि सुमारे ९४ कोटी गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. होकार देत होता चोरांचा बनावट सर्व्हर.

शेतकरी बंधूंनो, हेच आपल्या मोबाईलचं. पीएम-किसानच्या नावानं आलेली ‘एपीके’ फाईल टाकून परवानग्या दिल्या, की ओटीपी चोरालाही दिसतो. पिन बरोबर, ओटीपी बरोबर. मग चोर ओळखायचा कसा? वागण्यावरून. परका हात लागला की गाय पान्हा चोरते, तसं. एरवी दिवसा मंचरला हजार-दोन हजार काढणाऱ्याच्या खात्यातून रात्री दोनला अनोळखी खात्यांवर पन्नास हजार निघाले, तर बँकेनं व्यवहार रोखून विचारलं पाहिजे.

मात्र नारायणगावचा टोमॅटो हंगाम आला की खऱ्या शेतकऱ्याची उलाढालही एकदम वाढते. त्याचाच पैसा अडकला तर मजुरी कशी भागवायची? म्हणून आपला हंगाम बँकेला ठाऊक हवा. ग्रामसभेत हा विषय घ्या.

पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच १९३० फिरवा आणि बँकेला कळवा.