सांगा स्वतःबद्दल! काय सांगू?

परवा आमच्या गल्लीतला एक पोरगा इंटरव्ह्यू देऊन आला. बी.कॉम., फर्स्ट क्लास. तोंड उतरलेलं. म्हटलं, काय रे, काय झालं? म्हणाला, "दादा, हिशेबाचं सगळं येत होतं. पण पहिलाच प्रश्न आला, टेल मी अबाउट युवरसेल्फ. दातखीळच बसली."

दातखीळ का बसते, दोस्तहो? इंग्रजी येत नाही म्हणून? झूठ. हाच पोरगा जयंतीच्या स्टेजवर अर्धा तास माइक सोडत नाही.

माझीही बसली होती. फोर्टातल्या एका हापिसात तीन साहेब टेबलापलीकडे. वडील काय करतात? सर्व्हिस. कुठे? मुन्शिपाल्टीत. कुठल्या खात्यात? मी म्हटलं, क्लार्क आहेत. माझा बाप त्या वेळी पहाटे हजेरी चौकीवर सही करून हातात झाडू घेत होता. त्या झाडूवर मी ग्रॅज्युएट झालो, आणि साल्या मी एका मिनिटात त्याच्या हातातला झाडू काढून घेतला. नोकरी मिळाली नाहीच. घरी आलो तर बाप विचारतो, "काय इचारलं रं?" म्हटलं, "काही नाही, हिशेबाचं."

खोटं बोलताना आवाज पडतो. आणि साहेबलोक आवाजच ऐकत बसलेले असतात.

आता कुणी म्हणेल, हा तुमचा न्यूनगंड. बरं. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक अभ्यास छापला. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय नावाला बोलावणं येण्याची शक्यता १०० धरली, तर दलित नावाची ६७च्या आसपास. मुसलमान नावाची ३३. म्हणजे तोंड उघडायच्या आधीच आडनावाने तुमची ओळख करून दिलेली असते. त्याच साली सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन दिल्लीकडच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलले. तर हे लोक उमेदवाराला घराण्याबद्दल विचारतात आणि त्यालाच गुणवत्ता पारखणं म्हणतात! बाप काय करतो यावरून पोराला बॅलन्सशीट येते की नाही हे यांना कळतं. संविधानाचं कलम १६(४) सरकारी नोकरीपुरतं. खाजगी कंपनीच्या दारात ते बाहेरच उभं राहतं.

आमच्यातले काही मित्र आडनाव गाळतात, नुसतं कुमार लावतात. मी त्यांना शिव्या देणार नाही. पोट कुणाला चुकलंय? पण आडनाव गाळलं तरी पुढचा प्रश्न येतोच: राहता कुठे? गाव कुठलं? किती ठिकाणी गाळणार, भाऊ?

क्लासवाले फी घेऊन शिकवतात, टाय बांधा, हसा, हात घट्ट मिळवा. हसा काय, कप्पाळ! मी आमच्या पोरांना सांगतो, पहिलं वाक्य कामाचं टाक. "दोन वर्षं एका ट्रान्सपोर्टच्या हापिसात बिलं, ई-वे बिलं, जीएसटीचे रिटर्न मी भरतो." बघ, आवाज आपोआप चढतो, कारण हे तुझं आहे, कुणी दिलेलं नाही. एखादं अडलेलं काम तू कसं सोडवलंस ते सांग. मग घर. ते विचारायच्या आधी तूच सांगून टाक: "वडील मुन्शिपाल्टीत सफाई कामगार. घरात पहिला ग्रॅज्युएट मी." एवढंच. पुढे 'पण' नको, डोळ्यांत पाणी नको, माफी तर नकोच नको. चाचपडायला त्यांच्याकडे मग उरतं काय? दीड मिनिटात थांब. इंग्रजी अडलं तर मराठी शब्द टाक आणि पुढे जा. वाक्य अर्धवट सोडू नकोस.

यानं नोकरी मिळेलच असं मी म्हणत नाही. ते ६७ आणि १०० काही तुझ्या आवाजाने एक होणार नाहीत. त्यासाठी खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची लढाई रस्त्यावरच लढावी लागेल. पण घरी आल्यावर बापाला खरं सांगता येईल.

येत्या रविवारी सकाळी विहारात सतरंजी टाकतोय. बायोडेटाच्या दोन प्रती आणा, पोरींनीही या. मी साहेब होऊन बसणार आहे. वडील काय करतात हे विचारणार, आणि पुटपुटलात तर परत विचारणार.