उडी मुलाची, खुंटी सरकारची

दसऱ्याचे दिवस आले की हिंगोलीच्या रामलीला मैदानाचे रूप पालटते. दीडशे वर्षांहून जुनी परंपरा सांगणारा हा आपला दसरा. एके काळी हैदराबाद कंटिन्जंटची छावणी असलेल्या या गावाला रावणदहन नवे नाही. पण घरातल्या पोरांना विचारा, त्यांना रावणापेक्षा पाळण्यांची ओढ अधिक! आणि जी अगदी चिमुरडी आहेत, ज्यांना आकाशपाळण्याची भीती वाटते, ती धाव घेतात हवेने फुगवलेल्या रंगीत घराकडे. कुणी त्याला ‘जंपिंग’ म्हणते, बहुतेक जण ‘मिकी माऊस’ म्हणतात. आता तो जत्रेपुरता राहिलेला नाही. वाढदिवस, शाळेचे स्नेहसंमेलन, लग्नातला स्वागतसमारंभ, सगळीकडे तो टेम्पोतून येतो, दहा मिनिटांत फुगतो आणि रात्री घडी होऊन निघून जातो. मऊ गादी, भोवती मऊ भिंती. पडले तरी लागणार कसे? आई निर्धास्त होते आणि शेजारच्या बांगड्यांच्या दुकानाकडे वळते.

हा निर्धास्तपणा कितपत खरा आहे, आणि मुलांच्या खेळात सरकारने हात घालावा काय, या दोन प्रश्नांचा आज थोडा विचार करू.

डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर डेव्हनपोर्ट गावातील एका प्राथमिक शाळेत वर्षअखेरचा आनंदसोहळा चालला होता. वाऱ्याच्या झोताने असे एक फुगे-घर उचलले गेले. मुले सुमारे दहा मीटर उंचीवरून खाली आली आणि त्यांतली सहा दगावली. त्याआधी २०१६ च्या ईस्टरला इंग्लंडमधील हार्लो येथे असेच घर सात वर्षांच्या मुलीसह उडून गेले. ती मुलगी वाचली नाही. ते घर चालवणाऱ्या दोघांना २०१८ मध्ये तीन तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. हे देश श्रीमंत, कायदे कडक, तरीही हे घडले. मग आपल्याकडे काय?

या घराचे यंत्र साधे आहे. एक विजेचा पंखा त्यात सतत हवा भरत असतो, कारण शिवणींतून हवा सतत निसटत असते. पंखा थांबला की घर बसते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून जनरेटर लागतो. आत मुले असताना ते बसले तर कापडाच्या घड्यांखाली धाकटे गुदमरू शकते. दुसरी गोष्ट वाऱ्याची. एवढे मोठे कापड म्हणजे जहाजाचे शीडच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून युरोपच्या मानकात ताशी ३८ किलोमीटरपेक्षा अधिक वारा असेल तर खेळ बंद, आणि घर किमान सहा ठिकाणी जमिनीला जखडलेले, असा दंडक आहे. टास्मानियातील घराला आठ जागी बांधण्याची सोय होती. प्रत्यक्षात बांधले होते चारच ठिकाणी.

या खटल्याचा शेवट मात्र विचार करायला लावणारा आहे. जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने चालक महिलेला निर्दोष सोडले. ती अचानक उठलेली वावटळ होती, तिची कल्पना कुणालाही येण्यासारखी नव्हती, आणि अधिक काळजी घेतली असती तरी परिणाम टळला नसता, असा निष्कर्ष निघाला. निकाल तिथला आहे आणि तिथल्या हवामानाचा आहे. आपण हिंगोलीकर असे म्हणू शकतो काय? फाल्गुन-चैत्रात दुपारच्या उन्हात वावटळ उठते, कडब्याच्या पेंढ्या गरगरत वर जातात, गोठ्यावरचे पत्रे उडतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि आपल्या गावोगावच्या जत्रा-उरूस नेमके याच दिवसांत भरतात! गेल्या उन्हाळ्यात एका गावच्या जत्रेत मी हे घर पाहिले. दोन दोर बाभळीला, एक जीपच्या चाकाला आणि चौथा कुठेच नाही. आत वीसेक पोरे. काही झाले नाही, हे नशीब. पण मुलांचा जीव नशिबावर टांगून ठेवायचा काय?

इथे लगेच एक आवाज उठेल, आणि तो मला परका नाही. ‘अहो, आम्ही विहिरीत उड्या मारल्या, चिंचेवर चढलो, सूरपारंब्या खेळलो, हात मोडले, पण माणसे झालो. आता काय पोरांना कापसात गुंडाळून ठेवायचे?’ हे म्हणणे खोटे नाही. उलट आता शास्त्रही तेच सांगते. नॉर्वेच्या एलन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळांचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धारदार हत्यारे, आग-पाण्यासारख्या गोष्टींची जवळीक, झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड भटकणे. आपल्या खेड्यातल्या पोराचा हा रोजचा दिनक्रमच होता! कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये असे खेळ मुलांना हवेत, असे स्पष्ट म्हटले. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ १९४३ साली मुलांना लाकडे, विटा, हातोड्या देऊन मोकळे सोडणारे क्रीडांगण उभे राहिले, आणि ती कल्पना पुढे युरोपभर पसरली.

मग ही दोन टोके जुळायची कशी? माझ्या मते उत्तर एका साध्या भेदात आहे. धाडस वेगळे आणि धोका वेगळा. चिंचेची फांदी मुलाला दिसते. ती हलते, वाकते, करकरते. किती वर जायचे ते तो आपल्या छातीच्या धडधडीवरून ठरवतो आणि त्यातून शहाणा होतो. पण फुगे-घराची खुंटी जमिनीत किती खोल गेली आहे, शिवण कुठे उसवली आहे, जनरेटरमध्ये डिझेल किती आहे, हे त्याला दिसत नाही. दिसले तरी कळत नाही. जे मुलाला दिसते ते त्याचे धाडस. तिथे सरकारने पाय ठेवू नये. जे त्याला दिसत नाही तो धोका. तो दूर करणे मोठ्यांचे काम आहे. आणि जिथे पैसे घेऊन खेळ विकला जातो तिथे तर ते सरकारचेच काम आहे.

विहिरीत पोहायला शिकवण्याची आपली जुनी रीत पाहा. कमरेला वाळलेला भोपळा किंवा डबा, वर काठावर काका किंवा थोरला भाऊ दोर धरून उभा. सरकार नव्हते, पण नियम होता आणि तो सगळे पाळत. आज विहिरीची जागा अनेक ठिकाणी शेततळ्याने घेतली आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ ही सरकारी योजना २०१६ ची. कोरडवाहू शेतकऱ्याला तिचा आधार झाला, यात शंका नाही. पण ज्या तळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो त्यांचा उतार ओला झाला की तेलासारखा निसरडा होतो. पोहता येणारे मूलही वर चढू शकत नाही, आणि त्याला वाचवायला उतरलेला बापही! मुलाला पाणी दिसते, निसरडा उतार दिसत नाही. तिथे तारेचे कुंपण आणि काठापासून तळापर्यंत सोडलेला गाठींचा दोर, एवढे पुरे. जे सरकार तळ्याला अनुदान देते, त्याने या दोन गोष्टी पाहूनच शेवटचा हप्ता सोडावा.

सरकारच्या हातात नियम दिला की काम झाले, असे मात्र कुणी समजू नये. दहीहंडीचेच पाहा. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास मनाई केली आणि उंची २० फुटांवर बांधली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, परत आले, आणि २०१७ मध्ये उंचीची मर्यादा सुटली. वयाची अट १४ वर आली. २०२२ मध्ये साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला, भरपाईच्या रकमाही ठरल्या. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसरला सराव करताना एक मुलगा वरच्या थरावरून पडून गेला. त्याचे वय होते ११. नियम होता १४ चा! राजकोटला मे २०२४ मध्ये खेळघराला आग लागून २७ जीव गेले, त्यांत मुलेही होती. अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र नसताना ते खेळघर चालू होते. मोहालीला सप्टेंबर २०२२ मध्ये जत्रेतला उंच पाळणा माणसांसकट खाली आदळला. नियमांचा दुष्काळ कुठेच नव्हता, दुष्काळ होता पाहणाऱ्या डोळ्यांचा.

म्हणून नवे खाते काढा, नवा निरीक्षक नेमा, असे मी म्हणणार नाही. त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे: आणखी एक टेबल, आणखी एक सही आणि आणखी एक चिरीमिरी. तिचा भार शेवटी एका टेम्पोवर संसार चालवणाऱ्या गरीब खेळवाल्यावर पडेल. तो परवाना विकत घेईल आणि खुंटी तशीच राहील. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचा आणि त्यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये आहेच. जत्रेची जागा नगर परिषद किंवा ग्रामपंचायत देते. त्या परवानगीच्या कागदावर चार ओळी वाढवल्या तरी पुष्कळ होईल. घराच्या प्रत्येक कडीला दोर आणि प्रत्येक दोराला खोल खुंटी. झाडाच्या फांद्या जोरात हलू लागल्या किंवा धूळ उठली की मुले बाहेर आणि पंखा बंद. एका वेळी किती मुले ते पाटीवर मराठीत लिहिलेले, थोरली आणि धाकटी वेगळी. आणि दाराशी एक मोठा माणूस, तिकिटे फाडणारा नव्हे, फक्त मुलांकडे पाहणारा. शिवाय कुठेही अपघात झाला तर त्याची नोंद पोलीस ठाण्यात झालीच पाहिजे. आज मोडलेला हात घरी नेऊन बांधला जातो आणि तोच खेळ दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी उभा राहतो.

या चार ओळींचा गुण असा की त्या तपासायला अभियंता लागत नाही. आजीला दोर मोजता येतात, आईला पाटी वाचता येते, मामाला खुंटी हलवून पाहता येते. जो नियम गर्दीतल्या कोणत्याही बाईला डोळ्यांनी तपासता येतो, तोच नियम आपल्याकडे टिकतो. बाकीचे फायलीत झोपतात. आणि खेळवाल्यालाही हे जड नाही. चार खुंट्या आणि दोराचे एक वेटोळे यांचा खर्च त्याच्या एका संध्याकाळच्या गल्ल्यातून निघावा.

मुलांना उडू द्या. गुडघे फुटू द्या, ढोपरे खरचटू द्या, झाडावरून उतरता येत नाही म्हणून एखादा रडला तर थोडा वेळ रडूही द्या. त्यातून तो उतरायला शिकेल. पण ज्या जमिनीवरून ते उडी घेते ती जमीन घट्ट आहे की नाही, हे मुलाने पाहायचे नसते. ते आपण पाहायचे असते. उद्या दहा रुपयांचे तिकीट काढताना एवढेच करा: आधी घराभोवती एक फेरी मारा, दोर मोजा. एखादा सुटलेला दिसला तर पोराचा हात धरून शांतपणे म्हणा, ‘आधी बांधा, मग तिकीट.’ दहा आयांनी असे म्हटले तर अकरावीला म्हणावे लागणार नाही.