आधी शिक्षक, मग पडदा

आपल्या शाळांच्या वार्षिक अहवालांत हल्ली एक वाक्य हटकून आढळते : ‘सर्व वर्ग डिजिटल झाले आहेत.’ पालक टाळ्या वाजवतात. त्या वर्गांना कायमस्वरूपी शिक्षक किती, हे मात्र कोणी विचारीत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. यंत्रासाठी देणगी चटकन गोळा होते. शिक्षकाच्या वेतनाचा विषय निघाला की आपली मूठ मिटते.

पडद्यामुळे गुणवत्ता वाढते, असे सांगितले जाते. पेरू देशाने २००८ पासून मुलांना आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गणित व भाषा या विषयांत त्यांचा लाभ दिसला नाही. स्वीडनसारख्या संपन्न देशाने २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर बाजूला काढले. ते ज्या वाटेने परतत आहेत, त्याच वाटेने आपण धावत सुटावे काय?

‘मग काय, जुन्यालाच कवटाळून बसायचे?’ मुळीच नाही. दृष्टिहीन मुलाला पुस्तक वाचून दाखवणारे यंत्र ही कृपाच आहे. फादर स्टीफन्स यांनीही छापखान्याचा आधार घेतला. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. परंतु त्याची रचना ओवीची. ते कोणीतरी म्हणायचे आणि इतरांनी ऐकायचे, यासाठीच ते होते. यंत्र आले, पण माणसाचा आवाज हटला नाही.

फळ्यावर गणित पायरीपायरीने उतरते. तेवढ्या अवधीत मुलाची बुद्धी सोबत चालते. खडू ठेवून शिक्षक वळतो, तेव्हा कोणाच्या कपाळावर आठी आहे हे त्याला दिसते. तो थांबतो, पुसतो, पुन्हा मांडतो. पडदा मात्र पुढे सरकतो. एम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना गाठले ते त्यांच्यासोबत चालत, त्यांना विचारीत, समजावीत. शिकवणे म्हणतात ते यालाच.

पालकहो, येत्या सभेत पडद्यांची संख्या विचारू नका. शिक्षक किती, त्यांना वेतन किती आणि ते वेळेवर मिळते काय, हे विचारा. उत्तर समाधानकारक नसेल, तर देणगीचे पाकीट आधी तिकडे वळवा.