रेघेच्या अलीकडे संपत्ती, पलीकडे उपद्रव

नॉर्वेच्या उत्तर टोकाशी, समुद्राच्या नकाशावर सरकारने एक उभी रेघ धरली आहे: २६ अंश पूर्व रेखांश. तिच्या पूर्वेला लाल राजखेकडा म्हणजे संपत्ती. त्याला कोटा आहे, किमान आकाराची अट आहे. पश्चिमेला तोच खेकडा उपद्रवी. तिथे कोटा नाही, पाहिजे तेवढा पकडा. मात्र हाती आलेला पुन्हा पाण्यात सोडायचा नाही.

हा प्राणी मूळचा तिथला नव्हेच. १९६०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तो पॅसिफिकमधून आणून मुरमान्स्कच्या बाजूला बॅरेन्ट्स समुद्रात मुद्दाम सोडला. मच्छीमारांना नवं उत्पन्न मिळावं, हा हेतू. खेकड्याला कसली आली सरहद्द! सत्तरच्या दशकात तो नॉर्वेत पोचला. तळातले शिंपले, तारामासे, किडे फस्त करत पुढे सरकला, कॉडच्या जाळ्यांत अडकून ती फाडू लागला, गळांवरचं आमिष खाऊ लागला. मच्छीमार बोटं मोडत होते. २००२ साली व्यापारी मासेमारी सुरू झाली, जिवंत खेकडे विमानाने परदेशी जाऊ लागले आणि तक्रारीचा सूर बदलला.

ट्युनिशियातही हेच घडलं. सुएझ कालव्यामार्गे भूमध्य समुद्रात शिरलेला निळा खेकडा गाबेसच्या आखातात जाळी कातरू लागला, तेव्हा वैतागलेल्या मच्छीमारांनी त्याचं नावच ‘दाएश’ (म्हणजे ‘आयसिस’ ही दहशतवादी संघटना) ठेवलं. पुढे प्रक्रिया कारखाने आले, निर्यात सुरू झाली आणि तोच दाएश अनेक घरांचा पोशिंदा झाला.

‘खा आणि संपवा’ ही घोषणा म्हणूनच मला अर्धीच खरी वाटते. खाणं जमतं, संपवणं कोणाला हवं असतं? बाजाराला मोठा, मांसल नर लागतो. (कोकणात हे समजावून सांगायला नको, भरलेली कुर्ली सोडून पोकळ कोण उचलतं?) लहान खेकडे आणि माद्या मागे राहतात आणि पैदास चालूच राहते. शिवाय एकदा बोटीचं कर्ज, कारखान्यातली नोकरी, बंदरातला बर्फ त्या खेकड्यावर चालू लागला, की त्याची संख्या घटल्याची बातमी शुभवार्ता उरत नाही. नॉर्वेची रेघ मला पटते ती एवढ्यासाठी की, कुठे कमवायचं आणि कुठे संपवायचं, हे तिथे निदान उघड सांगितलेलं आहे. खेकडा अर्थात रेखांश वाचत नाही. पण सरकारला तो वाचता आला तरी पुष्कळ.

आपल्याकडे केरळच्या अष्टमुडी आणि वेंबनाड सरोवरांत मध्य-दक्षिण अमेरिकेकडचा एक शिंपला स्थानिक शिंपल्यांची जागा बळकावतो आहे. तो खाता येतो. तेव्हा आज ना उद्या पाककृती, अनुदान, कोंबडीखाद्य असं सगळं सुचवलं जाईल. सुचवावंच. फक्त योजनेच्या पहिल्याच पानावर एक गोष्ट लिहून घ्या: पाच वर्षांनी पकड निम्म्यावर आली, तर ते यश धरायचं की तोटा?