विश्लेषण : दोन चौकोनांमधला कोपरा कोणाचा? शिकारी, शिडी आणि खासगी जमिनीतल्या ‘घुसखोरी’चा अमेरिकेतील वाद

खासगी शिकारक्षेत्राच्या हद्दीत चार शिकाऱ्यांनी पाय ठेवलाच नाही, तरीही त्यांच्यावर घुसखोरीचा गुन्हा दाखल झाला. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात 2021 मध्ये सुरू झालेल्या या वादावर 20 ऑक्टोबर 2025 रोजी पडदा पडला. जमीनमालकाची याचिका ऐकण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी नकार दिला. प्रश्न एका शिडीपुरता दिसत असला तरी त्यावर लाखो एकर सरकारी जमिनीत सामान्य माणसाला जाता येणार की नाही, हे अवलंबून होते.

नेमके काय घडले?

वायोमिंगच्या कार्बन कौंटीत एल्क माउंटन नावाचा 11 हजार फुटांहून उंच डोंगर आहे. एल्क ही तिकडची मोठ्या शिंगांची हरणे. डोंगराच्या परिसरात ‘आयर्न बार होल्डिंग्ज’ या कंपनीची सुमारे 22 हजार एकर जमीन आहे. कंपनीचा मालक औषध उद्योगातून श्रीमंत झालेला उद्योजक. मात्र या जमिनीत मधूनमधून केंद्र सरकारच्या मालकीचे चौकोन आहेत आणि त्यांत शिकारीचा परवाना असलेला कोणीही शिकार करू शकतो. अडचण एवढीच की त्या चौकोनांपर्यंत रस्ता नाही.

मिसुरी राज्यातील काही शिकारी 2020 मध्ये तेथे गेले. एका सरकारी चौकोनाच्या टोकावरून त्यांनी तिरके पाऊल टाकले आणि समोरच्या सरकारी चौकोनात उतरले. त्या टोकावर दोन लोखंडी खांब, त्यांच्यात साखळी आणि ‘प्रवेश बंद’च्या पाट्या होत्या. खांबाला धरून ते वळसा घालून गेले. पुढच्या वर्षी चौघे आले ते स्वत: बनवलेली लोखंडी शिडी घेऊनच. शिडी एका सरकारी चौकोनात टेकवायची, खांबांवरून चढायचे आणि पलीकडच्या सरकारी चौकोनात उतरायचे. खासगी मातीला ना बूट लागला, ना खांबाला हात.

जमिनीच्या व्यवस्थापकाने पोलिसांना बोलावले. चौघांवर फौजदारी गुन्हा दाखल झाला. पाठोपाठ कंपनीने नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही लावला. कोपरे असे ओलांडता येऊ लागले तर जमिनीची किंमत कित्येक लाख डॉलरने घसरेल, असे कंपनीचे म्हणणे होते. हा युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. कंपनीने खरेदी केलेल्या जमिनीची किंमत ज्यामुळे वाढत होती, त्यात शेजारच्या सरकारी जमिनीवर इतर कोणी येऊ शकत नाही, या गोष्टीचाही वाटा होता.

जमिनीचा असा बुद्धिबळाचा पट झालाच कसा?

याचे मूळ रेल्वेत आहे. अमेरिका खंड ओलांडणारा लोहमार्ग बांधायला सरकारकडे पैसा नव्हता, जमीन मात्र अमाप होती. त्यामुळे 1862 च्या कायद्याने मार्गाच्या दोन्ही बाजूंची जमीन एक मैल लांब-रुंद चौकोनांत, म्हणजे प्रत्येकी 640 एकरांत विभागली. विषम क्रमांकाचे चौकोन रेल्वे कंपनीला दिले, सम क्रमांकाचे सरकारने स्वत:कडे ठेवले. दोन वर्षांनी हा पट्टा दुप्पट करून मार्गाच्या दोन्ही बाजूंना 20-20 मैल केला. रेल्वे आली की भाव वाढतील आणि सरकारला आपले चौकोन चढ्या दराने विकता येतील, असा हिशेब होता.

पण वायोमिंगचा तो भाग कोरडा आणि थंड. एका चौकोनावर शेती करून कुटुंब जगणे शक्य नव्हते. सरकारी चौकोन कोणी घेतलेच नाहीत. रेल्वेचे चौकोन पुढे मोठ्या पशुपालकांकडे, त्यांच्याकडून अलीकडे धनिकांकडे गेले. पट मात्र तसाच राहिला.

आता बुद्धिबळातला उंट आठवा. पांढऱ्या घरातला उंट काळ्या घरात न जाता पटभर फिरतो, कारण तो कोपऱ्यातून तिरका जातो. शिकाऱ्यांनी केले ते हेच. पण भूमितीत कोपरा हा बिंदू असतो, त्याला रुंदी नसते. माणसाच्या खांद्यांना मात्र ती असते. पाय कितीही नेमका टाकला तरी शरीराचा काही भाग क्षणभर शेजारच्या काळ्या घरावरच्या हवेतून जाणारच. कंपनीचा सगळा दावा या हवेवर उभा होता. जमीन ज्याची, तिच्या वरचे आकाशही त्याचेच, हे इंग्लंडमधून आलेले जुने तत्त्व तिने पुढे केले.

या तत्त्वाला सर्वोच्च न्यायालयाने 1946 मध्येच मर्यादा घातली होती. नॉर्थ कॅरोलिनातील एका कोंबडीपालकाच्या शेतावरून लष्करी विमाने इतकी खालून जात की भेदरून कोंबड्या मरत. त्या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की आकाश अनंतापर्यंत जमीनमालकाचे नाही, पण जमिनीलगतची, त्याला वापरता येण्याजोगी हवा त्याचीच. एल्क माउंटनचे शिकारी याच खालच्या हवेतून गेले होते, त्यामुळे हा निकाल खरे तर कंपनीच्या बाजूने झुकणारा होता.

मग न्यायालयांनी शिकाऱ्यांना का सोडले?

फौजदारी खटला सोपा ठरला. एप्रिल 2022 मध्ये ज्युरीने चौघांना निर्दोष ठरवले. दिवाणी दाव्यात मे 2023 मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायाधीश स्कॉट स्कावडाल यांनी शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपनी अपिलात गेली आणि 18 मार्च 2025 रोजी दहाव्या सर्किट न्यायालयाने तो निकाल कायम केला.

अपिलाचा निकाल लिहिणारे न्यायाधीश टिमोथी टिमकोविच यांनी कंपनीचे अर्धे म्हणणे मान्य केले, हे बातम्यांच्या मथळ्यांत फारसे आले नाही. वायोमिंग राज्याच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवरच्या हवेतून जाणे ही दिवाणी स्वरूपाची घुसखोरी ठरते, असे त्यांनी म्हटले. पण गोष्ट तेथे संपत नाही. राज्याचा हा कायदा केंद्राच्या 1885 च्या एका कायद्याच्या आड येतो आणि तसे झाले की केंद्राचा कायदा वरचढ ठरतो.

हा 1885 चा कायदा पशुपालकांच्या दांडगाईतून आला. काटेरी तार स्वस्त झाल्यावर बड्या पशुपालकांनी सरकारी कुरणांना सर्रास कुंपणे घातली. ती रोखण्यासाठी सरकारी जमिनीला बेकायदा वेढा घालण्यास या कायद्याने बंदी केली. धाक, धमकी, कुंपण किंवा इतर बेकायदा मार्गाने कोणाला सरकारी जमिनीवर जाण्यापासून अडवण्यासही मनाई केली. त्यावर पळवाटही लगेच निघाली. कोलोरॅडोतील एका मालकाने कुंपण फक्त आपल्याच चौकोनांत घातले, पण अशा चलाखीने की मधली सुमारे 20 हजार एकर सरकारी जमीन आपोआप कोंडली गेली. कुंपण माझ्या जमिनीत आहे, मग गुन्हा कसला, असे तो म्हणाला. 1897 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कुंपण बेकायदा ठरवले. एल्क माउंटनच्या टोकावरचे खांब, साखळी आणि कोट्यवधींचा दावा हे त्याच कुंपणाचे आजचे रूप आहे, असा न्यायालयाच्या तर्काचा गाभा होता.

कंपनीचा हुकमी पत्ता होता 1979 चा एक निकाल. याच परिसरातील मेंढपाळ कंपनीच्या जमिनीतून सरकारने जलाशयाकडे जाणारा कच्चा रस्ता काढला होता. चौकोन वाटताना सरकारने स्वत:साठी वाटेचा हक्क राखून ठेवला नव्हता, तेव्हा रस्ता हवा तर मोबदला द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा बजावले. अपील न्यायालयाने हा निकाल डावलला नाही. खासगी जमीन खोदून कायमचा रस्ता करणे आणि जमिनीला स्पर्शही न करता कोपरा ओलांडणे यांत फरक आहे, एवढेच सांगितले.

जमीनमालकांची बाजू अगदीच लंगडी आहे का?

नाही. अमेरिकेत वन्यप्राणी खासगी जमिनीत चरत असले तरी ते मालकाचे नसतात. लोकांच्या वतीने राज्य त्यांचे विश्वस्त असते. मालकाच्या हातात असतो तो फक्त प्रवेशाचा हक्क, आणि त्याच बळावर शिकारीच्या मोसमात जमीन भाड्याने देऊन अनेक पशुपालक जोडधंदा करतात. अनोळखी बंदूकधारी माणूस आपल्या गुरांजवळ फिरतो आहे ही भीती कोणत्याही शेतकऱ्याला समजेल. फाटक उघडे राहून गुरे बाहेर जाणे, कोरड्या गवतात शेकोटी पेटणे, चिखलात वाहने घालून वाटांची वाट लागणे या तक्रारीही खऱ्या आहेत.

अशा घुसखोरीला तोंड देण्याचे मार्ग राज्याराज्यांत वेगळे आहेत. काही राज्यांत पाटी नसेल तर शिरायला हरकत नसते, काहींत परवानगी नसेल तर पाटी असो-नसो, प्रवेश बंदच. पाट्या लोक उखडतात किंवा त्यांवर गोळ्या झाडतात, म्हणून टेक्सासने 1997 पासून जांभळ्या रंगाला पाटीचा दर्जा दिला. झाडावर किंवा खांबावर किमान आठ इंच लांब, एक इंच रुंद उभा जांभळा पट्टा जमिनीपासून तीन ते पाच फूट उंचीवर दिसला की आत जायचे नाही, असा त्याचा अर्थ. हे चौघे शिकारी जेथून आले त्या मिसुरीतही जांभळ्या रंगाचा कायदा आहे. पाटी, रंग, कॅमेरा, शिकार खात्याच्या रक्षकाला फोन एवढे मालकाने करायचे. बंदूक रोखून हाकलायला गेला तर गुन्हा त्याच्यावरच दाखल होऊ शकतो.

भांडण टाळण्याचाही एक मार्ग आहे. मोंटाना राज्य 1985 पासून शिकाऱ्यांना जमिनीत येऊ देणाऱ्या मालकांना मोबदला देते. लहान पशुपालकांना ते पैसे उपयोगी पडतात. पण ज्याने डोंगरच एकांतासाठी विकत घेतला, त्याला सरकारच्या या रकमेचे आकर्षण असण्याचे कारण नाही.

आपल्याकडे शिकारीवर 1972 पासून कायद्याने बंदी असल्याने हा वाद त्याच रूपात येणार नाही. पण शेताला वाट नाही आणि शेजारी बांधावरून जाऊ देत नाही, ही तक्रार महाराष्ट्रातल्या प्रत्येक तहसील कार्यालयाला पाठ असते. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार चौकशी करून बांधावरून वाट देऊ शकतात. अमेरिकेतील त्या चौकोनांसाठी असा अधिकार असलेला तहसीलदार नाही, म्हणून प्रकरण थेट केंद्रीय न्यायालयांपर्यंत गेले.

आता पुढे काय?

सर्वोच्च न्यायालयाने याचिका ऐकली नाही, म्हणजे तिच्यावर मत दिले असे नव्हे. त्यामुळे अपील न्यायालयाचा निकाल त्याच्या कक्षेतील सहा राज्यांनाच लागू आहे : वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा. पश्चिमेकडील राज्यांत अशी कोपऱ्यात अडकलेली सरकारी जमीन किती, याचा आकडा शिकाऱ्यांसाठी नकाशे बनवणाऱ्या ‘ऑनएक्स’ कंपनीने 2022 मध्ये काढला. तो 83 लाख एकर भरला आणि असे कोपरे निघाले 27,120. महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्शाहून ही जमीन थोडी जास्तच आहे. त्यांतले कित्येक लाख एकर मोंटानासारख्या राज्यांत आहेत, जी दुसऱ्या सर्किट न्यायालयाच्या कक्षेत येतात. मोंटानाच्या वन्यजीव खात्याची भूमिका निकालानंतरही कोपरा ओलांडणे बेकायदाच अशी आहे. म्हणजे राज्याची सीमा ओलांडली की तेच पाऊल गुन्हा ठरू शकते.

निकाल लागू असलेल्या राज्यांतही सवलत अरुंद आहे. ती फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आणि फक्त जमिनीला स्पर्श न करता ओलांडणाऱ्यांसाठी आहे. कोपऱ्यापासून दोन फूट अलीकडे पाऊल पडले तर ती साधी घुसखोरी. येथे मोबाइलवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. फोनमधील जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर चुकतो, म्हणजे पडद्यावरचा निळा ठिपका बिंदूएवढा कोपरा दाखवूच शकत नाही. एल्क माउंटनच्या दाव्यातही एका शिकाऱ्याच्या अ‍ॅपमधली एक खूण खासगी चौकोनात दिसत होती आणि तो मुद्दा बाकीचा दावा निकालात निघाल्यावरही काही काळ शिल्लक राहिला होता. भरवशाचा आधार म्हणजे जुन्या सरकारी मोजणीदारांनी जमिनीत रोवलेली हद्दीची खूण, पितळी टोपीचा खांब किंवा कोरलेला दगड. अनेक कोपऱ्यांवर ती आज सापडत नाही. तेथे शिकाऱ्याने शिडी टेकवायची कोठे, हे निकालात लिहिलेले नाही.