नेमारवरचे तीन आक्षेप

नेमार दा सिल्वा सांतोस ज्युनिअर हा ब्राझीलच्या पुरुष संघाकडून सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आहे. 8 सप्टेंबर 2023 रोजी बेलेम शहरात बोलिव्हियाविरुद्ध दोन गोल करून त्याने, फिफाच्या हिशेबानुसार, पेलेचा 77 गोलांचा विक्रम मोडला. एवढे कर्तृत्व असूनही त्याच्या नावावर एकमत नाही. ब्राझीलमध्ये तर नाहीच. आणि विश्वचषक आला की ब्राझील व अर्जेंटिना अशी उघड फाळणी होणाऱ्या कोल्हापूरच्या पेठांतही नाही. वाद त्याच्या गोलांवर होत नाही. तो होतो तीन गोष्टींवर: त्याचा नखरा, त्याची श्रद्धा आणि त्याचे नेतृत्व.

विरोधकांचे म्हणणे असे की, तो खेळापेक्षा देखावा अधिक करतो. कपाळावर येशूचे नाव बांधतो पण वागण्यात ते दिसत नाही. आणि संघ अडचणीत असताना सहकाऱ्यांना धरून ठेवण्याची कुवत त्याच्यात नाही. समर्थकांचे उत्तर असे की, त्याचा नखरा हीच ब्राझीलची ओळख आहे. श्रद्धेने तो नम्र राहिला आहे. आणि संघातला सर्वोत्तम खेळाडू हा आपोआपच संघाचा नेता असतो. दोन्ही बाजूंत एक समान दोष आहे. दोन्हीकडे या तीन गोष्टींची मोट बांधून माणसाच्या चारित्र्यावर एकच शेरा मारला जातो. प्रत्येक आक्षेप त्याच्या जागी ठेवून तपासला, तर एक पूर्णपणे खोटा ठरतो, एक अर्धा खरा आणि एक खरा. पण जो खरा ठरतो, त्याचा मुख्य दोष नेमारकडे जात नाही.

पहिला आक्षेप नखऱ्याचा. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे: चेंडूची करामत आणि खोटे पडणे.

करामतीचा सर्वात गाजलेला प्रसंग 30 मे 2015 चा. स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात बार्सिलोना अॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध 3-1 असा पुढे होता आणि सामना संपत आला होता. कोपऱ्याजवळ अडवायला आलेल्या बचावपटूसमोर नेमारने चेंडू दोन पायांच्या मध्ये धरला, एका टाचेने वर चढवला आणि मागून उचलून स्वतःच्या व प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा प्रयत्न केला. ब्राझीलमध्ये या चालीला ‘लांब्रेता’ म्हणतात. बिल्बाओचे खेळाडू त्याच्यावर धावून गेले. हरत असलेल्यांची ही थट्टा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बार्सिलोनाचे प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनीही नंतर सांगितले की, आपण त्यांच्या जागी असतो तर असेच चिडलो असतो. मात्र ब्राझीलमध्ये हे सर्रास चालते, असेही ते म्हणाले.

चिडणे समजण्यासारखे आहे. पण त्या चिडण्यावरून खेळाडूला दोषी ठरवणे चुकीचे आहे. लांब्रेता नियमात बसते. ती फसली तर चेंडू जातो आणि हसे खेळणाऱ्याचेच होते. म्हणजे धोका तोच पत्करतो. तिला उत्तर देण्याची एकच रीत फुटबॉलमध्ये मान्य आहे, ती म्हणजे चेंडू काढून घेणे. 1958 च्या विश्वचषकात सोव्हिएत संघाविरुद्ध पहिल्याच मिनिटांत ब्राझीलच्या गारिंचाने बचावपटूंना असे काही नाचवले की, त्या खेळाची आठवण आजही काढली जाते. 2002 च्या ब्राझिलियन लीगच्या अंतिम लढतीत सांतोस क्लबच्या रॉबिन्योने कोरिंथियन्सच्या बचावपटूसमोर चेंडूवरून पाय फिरवत फिरवत त्याला मागे रेटत नेले आणि पेनल्टी मिळवली. नेमार त्याच सांतोसमध्ये घडला, आणि त्याआधी फुटसालच्या छोट्या मैदानावर, जिथे वळायलाही जागा नसते. त्या अडचणीच्या जागेत चकवा हे अंगावर आलेल्या दोघांतून सुटण्याचे साधन असते. प्रेक्षकांचा विचार नंतर येतो.

चकवा कामाचा असतो याचा पुरावा प्रतिस्पर्धीच देतात. 2018 च्या विश्वचषकात स्वित्झर्लंडने एका सामन्यात नेमारवर दहा फाउल केले. 1998 मध्ये ट्युनिशियाने इंग्लंडच्या अॅलन शिअररवर अकरा केले होते. त्यानंतर विश्वचषकाच्या एका सामन्यात कोणावरही इतके फाउल झाले नव्हते. ज्याच्या करामतीने काही साधत नाही, त्याला पाडण्यासाठी कोणी इतके कष्ट घेत नाही. 8 मार्च 2017 रोजी पॅरिस सेंट जर्मेनविरुद्ध बार्सिलोनाला चॅम्पियन्स लीगमध्ये टिकण्यासाठी शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल हवे होते. त्यातले दोन नेमारने केले, एक फ्री किकवर आणि एक पेनल्टीवर. तिसरा सर्जी रोबेर्तोने केला, तोही नेमारने उचलून दिलेल्या चेंडूवर. सामना 6-1 असा संपला. नखरेबाज खेळाडू निर्वाणीच्या वेळी उपयोगी पडत नाही, हे म्हणणे त्या रात्रीपुरते तरी टिकत नाही.

खोट्या पडण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे समर्थकांचा बचाव लंगडा पडतो. 22 जून 2018 रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये कोस्टारिकाविरुद्ध गोलफलक कोरा होता. गोलक्षेत्रात बचावपटूचा हात नेमारच्या अंगाला जेमतेम लागला. नेमारने दोन्ही हात पसरले आणि तो पाठीवर कोसळला. पंच ब्योर्न कायपर्स यांनी पेनल्टी दिली, मग पडद्यावर चित्रण पाहिले आणि दिलेली पेनल्टी रद्द केली. दहा दिवसांनी मेक्सिकोविरुद्ध मिगेल लायुनने मैदानाबाहेर त्याच्या घोट्यावर पाय ठेवला. तो पाय ठेवणे चूकच होते. पण त्यानंतर नेमार ज्या तऱ्हेने लोळला, तिच्यामुळे सगळ्या जगाचे लक्ष लायुनवरून उडून नेमारवर गेले. एका स्विस प्रसारण संस्थेने मोजले, तेव्हा चार सामन्यांत मिळून त्याचा सुमारे चौदा मिनिटांचा वेळ जमिनीवर गेल्याचे निघाले.

समर्थक इथे 2014 ची आठवण देतात. त्या वर्षीच्या विश्वचषकात फोर्तालेझा येथे कोलंबियाच्या झुनिगाचा गुडघा पाठीत बसून नेमारचा कण्याचा मणका मोडला होता. 2018 च्या फेब्रुवारीत पायाचे हाड मोडले होते. असा माणूस धक्का लागण्याआधीच अंग सैल सोडतो, यात नवल नाही. पण भीतीने पडणे एक आणि पडल्यावर चार कोलांट्या घेणे वेगळे. पहिल्याची कीव येते. दुसऱ्याने पंचांची फसवणूक होते, आणि त्याची किंमत संघ मोजतो, कारण पुढच्या खऱ्या फाउलवर शिटी वाजत नाही. पुढे एका जाहिरातीत नेमारने आपण कधीकधी अतिशयोक्ती करतो अशी कबुलीही दिली. तेव्हा निकाल असा: करामतीवरचा आक्षेप खोटा, खोट्या पडण्यावरचा खरा, आणि दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढणे अन्यायाचे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. 6 जून 2015 रोजी बर्लिनमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर नेमारने कपाळाला पांढरी पट्टी बांधली. तिच्यावर लिहिले होते ‘शंभर टक्के येशू’. तीच पट्टी त्याने 2016 मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदकाच्या रात्री रिओत बांधली. हे काही त्याचे एकट्याचे खूळ नाही. 2002 चा विश्वचषक जिंकल्यावर योकोहामाच्या मैदानात ब्राझीलचे खेळाडू गुडघे टेकून प्रार्थनेला बसले होते. ब्राझीलचा खेळाडू काका याच्या जर्सीखालच्या बनियनवर आपण येशूचे आहोत असे लिहिलेले असे. 2009 मध्ये जोहान्सबर्गला झालेल्या अशाच सामूहिक प्रार्थनेवर डेन्मार्कच्या फुटबॉल संघटनेने हरकत घेतली होती. या सगळ्यामागे ब्राझीलच्या समाजातला मोठा बदल आहे. 2022 च्या जनगणनेत इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांचे प्रमाण जवळपास 27 टक्के निघाले आणि कॅथलिकांचे 57 टक्क्यांच्या आसपास उतरले. इव्हँजेलिकल चर्चची मोठी वाढ शहरांच्या गरीब वस्त्यांत झाली, आणि फुटबॉलपटूही बहुतेक तिथूनच येतात.

विरोधक म्हणतात, हे ढोंग आहे: रात्रीच्या मेजवान्या, मैदानातली भांडणे आणि कपाळावर येशू. या आक्षेपात ज्या धर्मभावनेवर टीका आहे, ती नीट समजून घेतलेली नाही. इव्हँजेलिकल शिकवणीत माणूस स्वतःच्या पुण्याईने तरत नाही, देवाच्या कृपेने तरतो. ती पट्टी ‘मी निर्दोष आहे’ असा दावा करीत नाही, यशाचे श्रेय दुसऱ्याला देते. दुसऱ्यांना सदाचाराचे धडे देऊन स्वतः उलटे वागणारा ढोंगी ठरतो, आणि नेमारने असे उपदेशकाचे काम अंगावर घेतलेले नाही. वारी करणाऱ्या माणसाच्या हातून चूक झाली म्हणून त्याच्या गळ्यातली माळ खोटी होत नाही.

मात्र समर्थकांनी त्याच पट्टीचे प्रशस्तिपत्र केले, तेही तितकेच गैर आहे. श्रद्धेने नेमार शांत झाला, नम्र झाला, असे म्हणायला आधार नाही. एप्रिल 2019 मध्ये फ्रेंच चषकाचा अंतिम सामना रेनविरुद्ध हरल्यावर पदक घ्यायला वर जाताना त्याने एका प्रेक्षकावर हात उचलला आणि तीन सामन्यांची बंदी ओढवून घेतली. 2022 च्या निवडणुकीत त्याने तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांना जाहीर पाठिंबा दिला. त्यावर टीका झाली आणि ती रास्त असू शकते, कारण तो राजकीय निर्णय होता. निम्मा देश ज्याच्या विरुद्ध मत देतो, त्याच्या बाजूने राष्ट्रीय संघाच्या मुख्य खेळाडूने उभे राहावे का, हा प्रश्न विचारण्याचा चाहत्याला पूर्ण अधिकार आहे. त्या प्रश्नासाठी त्याच्या प्रार्थनेला हात लावण्याची गरज नाही. श्रद्धा हा नेमारविरुद्धचा पुरावा नाही आणि त्याच्या बाजूचाही नाही. या वादातून ती बाजूला काढली पाहिजे.

तिसरा आक्षेप नेतृत्वाचा, आणि तो खरा आहे. 2014 च्या विश्वचषकात ब्राझीलचा जर्मनीविरुद्ध 7-1 असा पराभव झाला. त्यानंतर सप्टेंबरमध्ये प्रशिक्षक दुंगा यांनी बावीस वर्षांच्या नेमारला कर्णधार केले. पुढच्याच वर्षी कोपा अमेरिका स्पर्धेत कोलंबियाकडून हरल्यावर, सामन्याची शिटी वाजून गेल्यावर, त्याने प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर चेंडू मारला, धक्काबुक्की केली आणि लाल कार्ड घेतले. चार सामन्यांची बंदी आली. कर्णधार बाहेर बसला आणि संघ उपांत्यपूर्व फेरीत पॅराग्वेकडून पेनल्टींवर हरला. 2016 च्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिका व इराकविरुद्ध ब्राझीलला एकही गोल करता आला नाही, तेव्हा प्रेक्षकांनी महिला संघाच्या मार्ताच्या नावाचा गजर सुरू केला. ती तुलना नेमारला झोंबावी अशीच होती.

तरी त्याच स्पर्धेचा शेवट विसरून चालणार नाही. 20 ऑगस्ट 2016 रोजी माराकानावर जर्मनीविरुद्ध नेमारने फ्री किकवर गोल केला. 1-1 अशा बरोबरीनंतर पेनल्टी सुरू झाल्या. जर्मनीची पाचवी पेनल्टी ब्राझीलचा गोलरक्षक वेव्हर्टनने अडवली आणि ब्राझीलची पाचवी नेमारकडे आली. ऑलिंपिक फुटबॉलचे सुवर्ण ब्राझीलने तोवर कधीही जिंकलेले नव्हते. धावत येताना त्याने मध्येच पाऊल आखडले, चेंडू जाळ्यात मारला आणि गुडघ्यांवर बसून रडू लागला. त्याच रात्री त्याने कर्णधारपद सोडल्याचे जाहीर केले.

निर्णायक क्षणी जबाबदारी घेणे हेच नेतृत्व, असे समर्थक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ही पेनल्टी असते. चेंडूच्या बाबतीत नेमार जबाबदारीपासून कधी पळाला नाही, हे मान्य केले पाहिजे. 2022 मध्ये क्रोएशियाविरुद्ध त्याने पेनल्टी मारली नाही म्हणून जो ठपका ठेवला जातो, तो चुकीचा आहे. त्याचे नाव पाचव्या क्रमांकावर प्रशिक्षक तिते यांनी ठेवले होते आणि त्याची पाळी येण्याआधीच सामना संपला. जादा वेळेत ब्राझीलचा एकमेव गोल त्यानेच केला होता. पण कर्णधाराचे काम चेंडूपाशी संपत नाही. पंचांशी बोलणे, हरलेल्या संघाला शांत ठेवणे, चिडलेल्या सहकाऱ्याला मागे खेचणे, ही कामे स्वतः सर्वात लवकर चिडणाऱ्याकडे देता येत नाहीत.

सर्वोत्तम खेळाडू हाच नेता, हे समर्थकांचे गृहीतक ब्राझीलच्या इतिहासानेच खोडले आहे. 1958 मध्ये कर्णधार बेलिनी होता, 1962 मध्ये मौरो, 1970 मध्ये कार्लोस अल्बेर्तो, 1994 मध्ये स्वतः दुंगा, 2002 मध्ये काफू. चषक उचलणाऱ्या या पाचांत पेले नाही, गारिंचा नाही, रोमारिओ नाही, रोनाल्डो नाही. चार बचावपटू आणि एक बचावात्मक मध्यरक्षक. गोल करणाऱ्यांना गोल करण्यासाठी मोकळे ठेवायचे आणि संघ सांभाळण्याचा भार मागच्यांनी उचलायचा, अशी ही विभागणी होती. 1994 मध्ये तिचा सर्वाधिक फायदा रोमारिओला मिळाला, आणि ती वीस वर्षांनी दुंगा यांनीच मोडली. तिते यांनी आधी कर्णधारपद फिरते ठेवले, मग 2018 च्या विश्वचषकानंतर ते नेमारला कायमचे दिले आणि मे 2019 मध्ये काढून दानी आल्वेसला दिले. त्या वर्षीची कोपा अमेरिका ब्राझीलने घरच्या मैदानावर जिंकली. नेमार दुखापतीमुळे संघात नव्हता.

नेमारला सांभाळणाऱ्यांनी आपले काम टाळल्याचे त्याआधीही दिसले होते. सप्टेंबर 2010 मध्ये पेनल्टी मारू दिली नाही म्हणून अठरा वर्षांचा नेमार सांतोसचे प्रशिक्षक दोरिव्हाल ज्युनिअर यांच्याशी मैदानातच भांडला. प्रशिक्षकांनी त्याला संघाबाहेर ठेवायचे ठरवले, तर क्लबने प्रशिक्षकांनाच काढले. शिस्त लावायच्या वयात त्याला शिकवले गेले ते हे. चार वर्षांनी त्याच मुलाला देशाचे कर्णधारपद देताना कोणी हा प्रसंग आठवला असता, तर पुढचे बरेच टळले असते.

नेमार ब्राझीलच्या दहा नंबरच्या जर्सीला पुरेपूर लायक होता आणि कर्णधारपदाला नव्हता. त्या दुसऱ्या गोष्टीचा दोष आधी दुंगा आणि तिते यांचा आहे, मग नेमारचा.