प्रवासाची शिदोरी : राखोलीहून दीवला

कॅरिबियन समुद्रातील बेटांची रंगीत चित्रे पाहिली की घरातील मुले बेटावर जाण्याचा हट्ट धरतात. पारपत्र आणि विमानभाडे यांचा हिशेब मांडताच तो बेत बहुधा कागदावर राहतो. परंतु राखोली-सिल्वासाच्या मराठी कुटुंबांना आपल्याच केंद्रशासित प्रदेशात एक बेट लाभले आहे. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे प्रदेश एकत्र झाले, तेव्हापासून दीव आपल्याच घरचे ठरले. मात्र कागदावर जवळ असलेले हे बेट वाटेने बरेच दूर आहे. म्हणून प्रेक्षणीय स्थळांआधी आम्ही वाटेविषयी लिहीत आहोत.

राखोलीकरांचे रेल्वे स्थानक वापी. तेथून सौराष्ट्रात जाणाऱ्या गाडीने वेरावळ गाठावे. पुढे अदमासे ९० किलोमीटर मोटारीचा रस्ता आहे. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांस खंबायतच्या आखाताला वळसा पडतो. तो वाचविण्यासाठी नोव्हेंबर २०२० मध्ये हजिरा ते घोघा अशी वाहने नेणारी नौकासेवा सुरू झाली. निघण्यापूर्वी तिच्या वेळांची चौकशी अवश्य करावी. येथे नावाचा घोळ होतो. नौकेचे घोघा भावनगर जिल्ह्यात आहे, तर दीवच्या पुलाअलीकडचे गाव घोघला. दोहोंमध्ये अदमासे २०० किलोमीटर अंतर आहे! नौकेतून उतरताच दीव आले असे समजून मुलांना उपाशी ठेवू नये.

दुसरी गोष्ट स्पष्टच सांगतो. सिल्वासात आणि दीवमध्ये मद्यास परवानगी आहे. वाटेतल्या गुजरातेत दारूबंदी आहे. दोन्ही टोकांना चालते म्हणून सामानात बाटली टाकणारा गृहस्थ वाटेत गुन्हेगार ठरतो, आणि त्याच्यापायी बायकामुलांना पोलीस चौकीत ताटकळावे लागते. हा मोह कटाक्षाने टाळावा.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. दिवाळीत आणि डिसेंबरअखेर गर्दी फार, तेव्हा उतरण्याची जागा आधीच ठरवावी. दोन दिवसांत बेट निवांत पाहून होते. १५३५ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाशी तह करून पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला किल्ला सकाळच्या उन्हात पाहावा. सेंट पॉलचे चर्च, नायडा गुंफा आणि फांद्या फुटणारी होका ताडाची झाडे मुलांना दाखवावीत. गंगेश्वराच्या पाच शिवलिंगांना भरतीच्या लाटा स्नान घालतात; दर्शनास जाण्यापूर्वी भरतीची वेळ विचारून घ्यावी.

स्नानासाठी नागवा आणि घोघला हे किनारे सोयीचे आहेत. परंतु दमणगंगेत हात मारणाऱ्याने समुद्रात स्वतःस पट्टीचा पोहणारा समजू नये. नदीच्या पाण्याची ओढ वरून दिसते. ओहोटीची ओढ पायाखालची वाळू सरकू लागल्यावर कळते. पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये. इतर दिवसांतही मुलांबरोबर एक मोठे माणूस पाण्यात असावे. किनाऱ्यावर बसून हाका मारणे म्हणजे राखण नव्हे.

परतण्यापूर्वी खुकरी स्मारकापाशी थोडे थांबावे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवसमोरच्या समुद्रात आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. राखोलीचा मुलूख १९५४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटला, दीव १९ डिसेंबर १९६१ रोजी. आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आतच या पाण्याने एवढी माणसे गिळली. दिवसभर ज्या लाटांशी मुले खेळली, त्यांची ही दुसरी ओळख आईवडिलांनी तेथेच उभे राहून करून द्यावी. सहलीची छायाचित्रे पिवळी पडतात. अशी सांगितलेली गोष्ट मुलांच्या मनात राहते.